बसच्या आधीचा चहा

डभोईहून बडोद्याला एकतीस वर्षं अपडाउन केलं मी
आणि एकतीस वर्षं सकाळी चहा घेतला नाही.
लोकांना वाटायचं, उपास असतील.
शेजारच्या हसुमतीबेन सांगत फिरायच्या, बहु धार्मिक छे.
मी कधी नाही म्हटलं नाही.

स्टँडवर बायकांसाठी फक्त एक भिंत होती,
भिंतीमागे बाभळी,
बाभळींपलीकडे पानाची टपरी,
आणि टपरीला डोळे.

निवृत्त झाले त्या हिवाळ्यात
ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलता सोलता
हसुमतीबेननी विचारलं, इतकी वर्षं तुम्ही काय करायचात हो?
कशाचं, ते त्या बोलल्या नाहीत.
मी हातातल्या शेंगेकडेच बघत राहिले.
मग त्या म्हणाल्या, मी पण.
आमची पहिली मीटिंग एवढीच.

नगरपालिकेने जागा दिली,
म्हणजे आठ महिने नाही म्हटलं नाही.
रमजानभाई प्लंबर शुक्रवार सोडून कधीही यायचा,
स्वतःचा पाना आणि स्वतःची चटणी-भाकरी घेऊन.
भुपेंद्र वसावा आणि त्याच्या कॉलेजातली चार पोरं
खड्डा खणायची, मोबाइलवर गाणी लावून,
आणि मी जवळ गेले की गाणं बदलायची.
फरश्या आल्या टाइल्सवाल्याच्या गोदामातून, उरल्यासुरल्या,
तीन रंगांच्या, एकीवर मोराचा नुसता पिसारा.
मान कुणाच्या तरी न्हाणीघरात असेल.
वही माझ्याकडे. आयुष्यभर दुसऱ्यांचीच खाती लिहिली,
तरी यात चौदा रुपये जुळले नाहीत ते नाहीतच.

भिंत कमरेएवढी झाली तेव्हा
कनुभाई अडत्ये आले, छत्री टेकवत.
आधी पुरुषांची दुरुस्त करा म्हणाले,
बायकांना काय, तासाभराचा तर रस्ता.
कुणी काही बोललं नाही.
हसुमतीबेननी कळशीतून ताक ओतलं,
एक ग्लास, दुसरा, तिसरा.
कनुभाई आग्रहाला मान देणारे गृहस्थ.
मग त्यांना हाताला धरून नेलं
अन् बडोद्याच्या गाडीत खिडकीशी बसवलं.
कपुराई गाठेपर्यंत त्यांचं मत बदललं असावं.
सोमवारी सिमेंटच्या सहा गोण्या आल्या, निरोप नव्हता.

नावाच्या पाटीवरून मात्र भांडलो.
खरं सांगते, मलाही हवं होतं नाव,
एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात चाललं असतं.
रात्री पडल्या पडल्या ते संगमरवरावर वाचूनही पाहिलं
आणि ओशाळून कूस बदलली.
शेवटी पेंटरने दारावर एक बाई काढली.
जरा हवालदारासारखी दिसते.
पाटी झालीच नाही.

आणि मग नगरपालिका जागी झाली: कुलूप लावा,
नाहीतर घाण होईल. किल्ली कंट्रोलरच्या टेबलावर राहील.
कंट्रोलरच्या टेबलाभोवती दिवसभर सात पुरुष.
त्यांच्यामधून हात घालून किल्ली मागायची,
ती कशासाठी हे साऱ्या स्टँडला कळू द्यायचं,
त्यापेक्षा बाभळी बऱ्या.
रमजानभाईने ऐकून घेतलं, बिडी विझवली,
करवत काढली
आणि बाहेरची कडी कापून टाकली.
आतली ठेवली.

घाण होते. खोटं कशाला बोलू?
गुरुवारी पाणी जातं. बादली दोनदा चोरीला गेली,
तिसरीला आता साखळी आहे.
पाळीपाळीने धुतो आम्ही, आणि ज्या दिवशी
कोकिळाबेनची पाळी चुकते त्या दिवशी
तिच्या पाठीमागे तिला काय काय म्हणतो.

काल भाचीकडे निघाले होते, सातची गाडी.
आलं किसून घातलं, दूध जरा जास्तच.
कप संपला. हाताला सवय नव्हती, थांबला जरासा.
मग पातेल्यात उरलेला बशीत ओतला
आणि फुंकर घालून, सावकाश,
तोही प्यायले.